पिन : सांगावयाचा आणि न सांगावयाचा

‘पिन’ हा शब्द आता आपल्या बोलण्यात दोन अर्थांनी रुळला आहे. एक पिन पाकिटावर ठळक अक्षरांत लिहावयाचा असतो. दुसरा कोणासही सांगावयाचा नसतो. आमच्या तुकडीचे शालेय जीवन या दोन पिनांच्या मधल्या काळात गेले. वसतिगृहात दाखल झालो तेव्हा घरची खुशाली पत्राने कळे. बाहेर पडलो तेव्हा बहुतेकांच्या घरी मोबाइल पोहोचला होता आणि पुढे लवकरच खिशात एटीएम कार्डही आले. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या काळाविषयी, आणि त्यातून आज उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाविषयी, चार शब्द लिहीत आहोत.

टपालाचा पिन आम्हांला वर्गात शिकविला गेला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशात सुरू झाली. तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारचे अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. वर्ध्याचा ४४२००१ हा क्रमांक फळ्यावर लिहून गुरुजी एकेक आकडा उलगडून दाखवीत : पहिल्या ४ मध्ये महाराष्ट्र आणि शेजारचा प्रदेश, ४४ मध्ये विदर्भ, तिसऱ्या आकड्यात टपालाच्या छाननीचा जिल्हा, आणि शेवटच्या तिहींत टपाल कार्यालय. नकाशावर ज्यांची गावे दिसतही नव्हती, अशा आम्हा मुलांना आपले गाव सहा आकड्यांत नेमके सापडते याचे मोठे अप्रूप वाटे.

मोबाइल भारतात ३१ जुलै १९९५ रोजी आला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांच्याशी केलेले ते पहिले संभाषण. त्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडे आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. शेतमजुराच्या घराशी त्या यंत्राचा काय संबंध! आमचे आईवडील रविवारी गावातल्या एस.टी.डी. बूथवरून ०७१५२ फिरवून कार्यालयात फोन करीत आणि मीटरवरच्या लाल आकड्यांकडे पाहत बोलणे आवरते घेत. ऑक्टोबर २००२ मध्ये भारत संचार निगमची मोबाइल सेवा सुरू झाली, २००३ पासून आलेला फोन मोफत झाला, आणि त्याच वर्षी बॅटरीसह नोकियाचा ११०० आला. मग चित्र पालटले. आमच्या एका सरांनी मोबाइल घेतला तेव्हा गच्चीवरील पाण्याच्या टाकीजवळच तेवढी रेंज मिळे. संध्याकाळच्या वंदनेनंतर तेथे रांग लागे.

पैसे वाचविण्यासाठी घरोघरी खुणा ठरल्या. एक मिस्ड कॉल म्हणजे सुखरूप पोहोचलो. लागोपाठ दोन म्हणजे फोन करा. पाहू जाता हीही गुप्त लिपीच होती. फोनला आणि सिमकार्डालाही कुलूप असते हे त्याच सुमारास कळले. सिमचा चार आकडी पिन तीनदा चुकला की आठ आकडी पीयूके मागितला जाई. तोही दहादा चुकला की कार्ड कायमचे निकामी. एका मित्राच्या मामांचे सिम असे बंद पडले आणि ते सुरू करून घेण्यासाठी त्यांची एका दिवसाची मजुरी बुडाली.

महाविद्यालयात गेल्यावर शिष्यवृत्तीसाठी बँकेत खाते उघडले, कार्ड मिळाले आणि स्वतःचा क्रमांक स्वतः निवडण्याची वेळ आली. चार आकडेच का? एटीएमच्या जनकांपैकी एक, जॉन शेफर्ड-बॅरन, यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांचे यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात सुरू झाले. त्यांनीच सांगितले आहे, की मनात सहा आकडे होते, पण पत्नीने चारच लक्षात राहतील असे म्हटले. चार आकड्यांचे दहा हजार क्रमांक होतात. मात्र माणसे या दहा हजारांतून निवडत नाहीत. मूठभर लाडक्या आकड्यांतूनच निवडतात. २०११ साली डॅनियल अमिताय या तरुणाने आपल्या मोबाइल अ‍ॅपवर वापरलेले दोन लाखांहून अधिक क्रमांक तपासले, तेव्हा पहिल्या दहाच क्रमांकांनी सुमारे पंधरा टक्के जागा व्यापलेली आढळली. १२३४ सर्वांत वर, मागोमाग ००००. आणि कळफलकाच्या मधल्या ओळीतून सरळ खाली येणारा २५८०. जन्मसाले तर हवी तितकी. माणूस गुपित म्हणून जे निवडतो, ते बहुधा त्याच्या जिव्हाळ्याचेच असते.

आमचा जिव्हाळा कोठे आहे हे सांगावयास नकोच. काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थी जमले असता एकाने गमतीने विचारले, “कोणाचा नंबर १९५६ आहे?” कितीतरी हात वर झाले. “आणि १४०४?” आणखी हात. १८९१ आणि १४१० यांचेही काही धनी निघाले. आधी मोठा हशा झाला, मग सारे गप्प झाले. आपण प्रत्येकाने एकट्याने, मनोभावे निवडलेला आकडा शेजारच्यानेही निवडला आहे. म्हणजे आपल्याला ओळखणाऱ्या कोणालाही तो तीन प्रयत्नांत सापडेल.

ही केवळ गंमत नव्हती. आमच्या एका सोबत्याच्या आईचे निराधार अनुदान दर महिन्याला थोडेथोडे कमी होत होते. माय शाळेत गेलेली नव्हती. मुलाने प्रेमाने जो आकडा ठेवून दिला, तो घरातील तसबिरीखाली रंगाने लिहिलेलाच होता. घरी येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला त्यासाठी चोर व्हावे लागले. हुशार व्हावे लागले नाही. गेलेल्या पैशांपेक्षा मायला दुःख दुसरेच होते. ती एवढेच म्हणाली, “बाबू, त्याच नंबरानं घात केला का रे?”

त्या प्रश्नाला उत्तर देणे आम्हांस आवश्यक वाटते. माय, नंबराने घात केला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले, ते लाखोंच्या साक्षीने, उघड्या मैदानावर घडले. तो आकडा लपविण्यासाठी नाहीच. तो टपालाच्या पिनासारखा आहे : दारावर, कमानीवर ठळक लिहावा, म्हणजे आपण कोठले आहोत हे जगाला कळते. कुलपासाठी मात्र ज्याच्यामागे कोणतीही गोष्ट नाही, जो ऐकून कोणाचेही डोळे भरून येणार नाहीत, असा अनाथ आकडा घ्यावा आणि दहा दिवस घोकून आपलासा करावा.

त्याहून मोठे काम दुसरे आहे. आमच्यापैकी अनेकांच्या आईचा पिन आजही मुलगाच ठेवतो, मुलगाच दाबतो. पत्र वाचून दाखवावयास आपण होतो, तेव्हा तिचे काहीच गुपित नव्हते. आता तिच्या नावाचे खाते आहे, पण किल्ली आपल्या हाती आहे. अंक तिला ओळखता येतात. आठवडी बाजाराचा हिशेब ती तोंडी करते. येत्या सुट्टीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आईला यंत्रापाशी न्यावे, कळा दाखवाव्यात, आणि ती आकडा निवडू लागली की पाठ फिरवून उभे राहावे. तिने तो आपल्यालाही सांगू नये.