डिकीवरची अक्षरं

मी घेतलेली गाडी 2013 ची, लाल रंगाची, दोन मालकांच्या हातून आलेली स्विफ्ट. इंजिन ठीक, टायर बरे आणि डिकीच्या झाकणावर एका समाजाचं नाव. क्रोमची, बोटभर उंचीची, देवनागरी अक्षरं. समाज कोणता ते इथे लिहीत नाही. हायवेवर पाच मिनिटं पुढच्या गाड्यांच्या पाठी वाचत गेलात तर तुम्हाला चार-पाच पर्याय सापडतील, त्यातला कुठलाही धरा. आमचा नाही, एवढं पुरे.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. पुण्यात त्यावरून चटकन काही कळत नाही. मग दुसरा प्रश्न येतो, 'मूळचे कुठले?' आणि कधी कधी तिसरा, 'गावात नेमकं कुठे घर?' या तिसऱ्या प्रश्नापर्यंत बोलणं जाऊ न देण्याची मला कॉलेजपासून सवय आहे. गाडी घेतली आणि पहिले तीन आठवडे तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. उत्तर डिकीवर लिहिलेलं होतं ना.

ते तीन आठवडे मला अजून नीट सांगता येत नाहीत. पेट्रोल पंपावरचा पोरगा 'या दादा' म्हणायचा. इंदापूरच्या अलीकडे एका ढाब्यावर माझ्याच वयाच्या एकानं गाडीची पाठ बघून हात वर केला, जवळ आला, माझ्या चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. 'आपलीच माणसं,' म्हणाला. चांगला माणूस होता. चहा गोड होता. घशाखाली उतरायला मात्र वेळ लागला.

अण्णांना मी हे फोनवर हसत सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी 32 वर्षं एसटी चालवली आहे. रस्त्यावर कोण कुणाला काय समजतं यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे की मग. रातच्याला एकटा येतोस-जातोस. कुणी आडवं येणार न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "गावाकडं यायच्या आधी तेवढं काढ."

कारण उघड होतं. ज्यांचं ते नाव, त्यांची घरं आमच्या गावात आहेत आणि आमच्या वस्तीकडे जाणारा रस्ता त्यांच्याच आळीतून जातो. चुलतभावाचं लग्न दीड महिन्यावर होतं. म्हणजे अण्णांच्या मते दीड महिना ते नाव आमची राखण करणार होतं आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तेच आमच्या अंगावर येणार होतं. मी म्हटलं, येत्या रविवारीच काढतो. ते म्हणाले, "तुझी गाडी, तुझी मर्जी." आमच्या घरात याचा अर्थ 'मला पटलेलं नाही' असा होतो.

आता काढायचं कसं, ते सांगतो. गाडीवरची बहुतेक चिन्हं आणि अक्षरं दोन्ही बाजूंना चिकट असलेल्या फोमच्या टेपनं बसवलेली असतात. काहींना मात्र पाठीमागे छोट्या खुंट्या असतात आणि पत्र्यात त्यासाठी भोकं पाडलेली असतात. तसं असेल तर चिन्ह काढल्यावर भोकच उरणार. म्हणून आधी डिकीचं आतलं आवरण थोडं सैल करून बघायचं. माझ्या गाडीवरची अक्षरं बाजारातून आणून लावलेली होती, भोकं नव्हती.

मग धुवायचं, आणि हे टाळायचं नाही. अक्षरांच्या कोपऱ्यांत साचलेली धूळ म्हणजे सँडपेपरच. कारखान्यातून येणारा रंग सगळे थर धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडीचा असतो. आपल्या डोक्यावरच्या एक-दोन केसांइतका. त्यामुळे स्क्रूड्रायव्हर, सुरी, पत्ती यांतलं काही हातात घ्यायचंच नाही. केस वाळवायचा ड्रायर घ्यायचा आणि अक्षरापासून वीतभर लांब धरून फिरवत ठेवायचा. पत्र्याला हात लावून ठेवता येईल इतपतच गरम करायचं. चटका बसला तर जास्त झालं.

फोमची ही टेप गमतीशीर वस्तू आहे. एकदम हिसका दिला तर ती घट्ट धरून बसते, आणि सावकाश, सतत ओढलं तर हळूहळू सुटत जाते. ऊब दिली की आणखी मऊ. मटेरियल सायन्सच्या पेपरात यावर मी चार मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ते बोटांना कळायला ही गाडी यावी लागली.

कापायला दोरा लागतो. परदेशी व्हिडिओंत दात साफ करायचा दोरा वापरतात, तो माझ्या हातात तिसऱ्या अक्षरालाच तुटला. शनिवारी रात्री गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून अण्णा आले होते. सकाळी चहाचा कप घेऊन पार्किंगमध्ये उतरले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "तंगूस आण." मासे धरायची नायलॉनची दोरी. ती कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. तिची दोन टोकं दोन हातांना गुंडाळून, अक्षराच्या मागे सरकवून करवतीसारखी पुढेमागे ओढायची. पत्र्याला समांतर, रंगावर न घासता. अण्णांनी कप बोनेटवर ठेवला आणि दुसरं टोक धरलं. एक अक्षर तीन-चार मिनिटांत सुटायला लागलं.

वॉचमन काका खुर्ची ओढून बसले. "साहेब, चांगलं होतं की नाव. का काढताय?" मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "रंग द्यायचाय गाडीला."

आणि मग, तंगूस ओढता ओढता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या गाडीवर 32 वर्षं नुस्तं गावाचं नाव ऱ्हायचं. कुठं चाललीय तेवढंच." बस्स, पुढे काही नाही. गुडघा धरून खाली बसले आणि माझ्या हाताला लागत नव्हता तो खालचा काना काढला.

उरलेला फोम पुन्हा गरम करून अंगठ्यानं गोल गोल घासला की त्याच्या वळकट्या होऊन निघतात. नखं लावायची नाहीत. त्यामागचा चिकटपणा निलगिरीच्या तेलानं जातो. पाच मिनिटं तसंच ठेवायचं आणि मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यानं पुसायचं. आधी दाराच्या आतल्या कडेला थेंबभर लावून बघावं, विशेषतः गाडी गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेली असेल तर. थिनर नको. तो गोंदासोबत रंगही घेऊन जाऊ शकतो. शेवटी शाम्पूचं पाणी आणि मग पॉलिश.

एवढं सगळं करून डिकी स्वच्छ झाली. आणि नाव तिथेच होतं.

गाडीचा रंग उन्हानं वर्षानुवर्षं फिका होत असतो, पण अक्षरांखालच्या रंगाला ऊन लागलेलंच नसतं. म्हणून अक्षर काढलं की त्याच्या जागी मूळचा गडद लाल रंग दिसतो, अक्षराच्याच आकाराचा. पांढऱ्या गाडीवर हे फारसं कळत नाही. लाल रंगावर चांगलंच कळतं. इंग्रजीत याला भूत म्हणतात. पॉलिश कंपाउंडनं भोवतालचा मेलेला थर घासून दोन्ही रंग जवळ आणता येतात, पण घासायलाही थर मोजकाच असतो. मी तीन वेळा केलं आणि थांबलो. समोरून बघितलं तर काही नाही. सकाळचं तिरपं ऊन पडलं की अख्खं नाव.

सप्टेंबर 2025 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर उत्तर प्रदेश सरकारनं गाड्यांवरचे जातीचे उल्लेख हटवायचा आदेश काढला. बातमी वाचली तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो लाल गाड्यांचा.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, त्या जागी दुसरं काहीतरी लाव, झाकलं जाईल. खूप जण करतात. मधल्या मॉडेलवर वरच्या मॉडेलची अक्षरं डकवणारे तर मी डझनभर पाहिलेत. काय लावू, हे मात्र त्याला सुचलं नाही. मलाही नाही. आमचं म्हणून एक नाव आहे, ते लावणारेही आहेत, निळ्या रंगात, अभिमानानं. मला त्यांचं कौतुक वाटतं. मी लावलं नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, आम्ही त्या आळीतून गाडी नेली. कुणी पाहिलं नाही. सकाळी अंगणात गाडी उभी, ऊन नेमकं तिरपं, आणि नुकताच वाचायला शिकलेला पुतण्या डिकीवर बोट फिरवत एकेक अक्षर मोठ्यांदा जुळवायला लागला. दुसऱ्या अक्षरापर्यंत पोचला असेल. अण्णा न्हाणीतून येत होते. त्यांनी खांद्यावरचा ओला टॉवेल काढला, झटकला आणि डिकीवर वाळत घातला.

"चल, च्या पिऊन घे," म्हणाले त्याला.