पासंग

नवा एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचा छोटासा रेडिओ रिसीव्हर, हातात आला की पुण्यातला माणूस आधी विविधभारती लावतो. 101 मेगाहर्ट्झ. गाणं खणखणीत ऐकू येतं आणि रिसीव्हर बरोबर आहे अशी त्याची खात्री पटते. त्या खात्रीला काही अर्थ नसतो. एफएम स्टेशन जवळजवळ 200 किलोहर्ट्झ पसरलेलं असतं. रिसीव्हर पाच किलोहर्ट्झने चुकला तरी गाण्याला त्याचा पत्ता लागत नाही. विमानांचे 1090 मेगाहर्ट्झवरचे संदेशही असेच दिलदार. चूक दिसायची तर सिग्नल अरुंद हवा. हौशी रेडिओवाल्यांचा 14 मेगाहर्ट्झवरचा डब्ल्यूएसपीआर हा क्षीण संदेशांचा प्रकार घ्या. एक संदेश जेमतेम 6 हर्ट्झ रुंद, साऱ्या जगाला मिळून जागा 200 हर्ट्झची आणि एकेक प्रक्षेपण जवळजवळ दोन मिनिटांचं. तिथे दहा पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत दहा भागांची चूक झाली की 140 हर्ट्झ सरकलात. मग रात्रभर पडद्यासमोर बसा, बहुतेक संदेश उलगडणार नाहीत.

हे स्वस्त डोंगल मुळात डिजिटल टीव्हीसाठी बनलेले. त्यातल्या आरटीएल2832यू या चिपमधून कच्चे नमुने थेट संगणकात घेता येतात हे 2012 च्या सुमारास सर्वांना कळलं आणि आमच्यासारख्यांची चंगळ झाली. टीव्हीच्या कामात रिसीव्हर आपली चूक आपणच शोधून घेतो, त्यामुळे बनवणाऱ्याने क्रिस्टलवर पैसे घालवले नाहीत. 28.8 मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल. ट्यूनरही त्याच्याच ठोक्यावर चालतो आणि नमुनेही त्याच ठोक्यावर घेतले जातात. तो 50 पीपीएमने पुढे धावत असला तर 100 मेगाहर्ट्झ मागितल्यावर रिसीव्हर जातो 100.005 वर, आणि स्टेशन पडद्यावर पाच किलोहर्ट्झ खाली दिसतं.

वाण्याच्या तराजूची पारडी समतोल नसली तर हलक्या पारड्याला पासंग बांधतात. सॉफ्टवेअरमधला पीपीएमचा रकाना म्हणजे हा पासंग. क्रिस्टलला कोणी हात लावत नाही. तो प्रत्यक्षात 28.80144 मेगाहर्ट्झवर चालतो आहे असं धरून पुढचं गणित होतं, इतकंच. अधिक की उणे यात नवखे हमखास गोंधळतात. आकडा घातल्यावर चूक दुप्पट झाली तर चिन्ह बदला.

पण पासंग चालतो तो तराजूचा दोष रोज तेवढाच राहिला तर. डोंगलचा क्रिस्टल तसा राहत नाही. शेजारची चिप तापते, तिच्यासोबत तोही तापतो, आणि वॉटरफॉलवरची, म्हणजे पडद्यावर सरकत जाणाऱ्या सिग्नलच्या चित्रातली, सरळ उभी रेघ पहिली पंधरा-वीस मिनिटं तिरकी पडत जाते. डिसेंबरच्या पहाटे ठरवलेला आकडा एप्रिलच्या दुपारी चालत नाही. डोंगलवर पंख्याचा वारा आला तरी रेघ हलते. म्हणून माझ्या लेखी अचूकतेआधी स्थिरता. 60 पीपीएमने ठामपणे चुकणारा रिसीव्हर मला चालतो. पाच पीपीएमच्या आत राहून सतत डोलणारा नको. तापमानानुसार स्वतःला सावरणारा क्रिस्टल, टीसीएक्सओ, असलेला डोंगल थोडा महाग पडतो, पण एक पीपीएम किंवा त्याहून कमी फरकात राहतो. दुसरा अँटेना घेण्याआधी तो घ्या, असं मी विचारणाऱ्याला सांगते.

ताडून बघायचं कशाशी? आकाशवाणी पुणे, 792 किलोहर्ट्झ, या कामाला उपयोगी नाही. तिथे 50 पीपीएम म्हणजे फक्त 40 हर्ट्झ. जितकं वर जाल तितकी तीच चूक मोठी दिसते. 940 मेगाहर्ट्झवर ती 47 किलोहर्ट्झ होते. आणि त्याच पट्ट्यात टूजी मोबाइलचे टॉवर आहेत. टॉवरची फ्रिक्वेन्सी 0.05 पीपीएमच्या आत असावीच लागते, शिवाय फोनला सूर जुळवता यावा म्हणून तो अधूनमधून वाहकाच्या 67.7 किलोहर्ट्झ वर एक शुद्ध स्वर सोडतो. ‘कॅलिब्रेट’ नावाचा छोटासा प्रोग्रॅम तो स्वर पकडून आपल्या डोंगलची चूक सांगतो. एका टॉवरवर भागवू नका. दोन-तीन कंपन्यांचे टॉवर घ्या. सगळे एकच आकडा सांगू लागले की विश्वास ठेवा. जिओकडे टूजी पहिल्यापासूनच नाही आणि बाकीच्यांचंही कायम राहील असं नाही, त्यामुळे ही सोय आहे तोवर वापरून घ्यावी.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक 145.8 मेगाहर्ट्झवर बोलत असेल तेव्हा आणखी एक युक्ती चालते. ते येताना सिग्नल साधारण तीन-साडेतीन किलोहर्ट्झ वर असतो, जाताना तेवढाच खाली. हा डॉप्लर परिणाम. स्थानक सर्वांत जवळ असतानाच्या क्षणी तो शून्य होतो. त्या क्षणी जो फरक उरतो तो तुमच्या डोंगलचा.

मोबाइल टॉवरची घड्याळं पुष्कळदा जीपीएसशी जुळवलेली असतात आणि जीपीएसच्या उपग्रहांत अणुघड्याळं असतात. वर गुरुत्व कमी आणि वेग जास्त; दोन्हींचा हिशेब केला तर ती घड्याळं दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. म्हणून जमिनीवर 10.23 मेगाहर्ट्झ दिसावेत यासाठी ती 10.22999999543 वर लावून पाठवतात. पासंग तिथेही आहे, फक्त सोनाराच्या तराजूला शोभेल इतका बारीक.

क्यूओ-100 या हौशी रेडिओवाल्यांच्या उपग्रहाने मला सर्वांत जास्त छळलं. त्याचा सिग्नल 10.49 गिगाहर्ट्झच्या आसपास येतो. डिश टीव्हीचा साधा एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसवलेला डबा, तो खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणतो, पण त्याच्या आतला 25 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल 390 पट करून 9750 केला जातो. इथे एक पीपीएम म्हणजे जवळजवळ दहा किलोहर्ट्झ. बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाला लागणाऱ्या जागेच्या तिप्पट. गच्चीवर डिशला ऊन लागत असताना मध्येच ढग आला की अख्खा पट्टा पडद्यावर चालू लागतो. इथे कोरडा आकडा घालून भागत नाही. उपग्रहाचा स्वतःचा बीकन धरून सॉफ्टवेअरला सतत त्याच्यामागे चालवावं लागतं.

हायड्रोजनच्या 1420.4 मेगाहर्ट्झच्या रेषेला तर वेगळीच मौज. तिथे फ्रिक्वेन्सीतला फरक म्हणजे वेग. एक पीपीएमला सेकंदाला 300 मीटर. डोंगल 50 पीपीएमने चुकला, तर आकाशगंगेचा एखादा ढग सेकंदाला 15 किलोमीटर वेगाने जाताना दिसतो आणि तो वेग असतो आपल्या क्रिस्टलचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्याचेही 100 पीपीएमपर्यंत होतात; तेही हिशेबात धरावे लागतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटरच्या 30 अँटेनांचे सिग्नल एकमेकांत मिसळायचे तर सगळ्यांचा ठोका एकच असावा लागतो. घरच्या डिशला तेवढं सोंग नको, पण टीसीएक्सओ हवाच.

जुन्या टॉवरमधून काढलेली रुबिडियम घड्याळं विकत घेणारे मित्र मला आहेत. हौसेला मोल नसतं, पण ऐकण्याच्या कामात त्यांची गरज क्वचितच पडते. तेव्हा कोणी सांगितलं की माझा डोंगल 52 पीपीएमचा आहे, तर तो आकडा तसाच उचलून आपल्या रकान्यात टाकू नका. किती वेळ तापल्यावर मोजला आणि कशाशी ताडला, ते विचारा. आणि स्वतःचा आकडा लिहून ठेवाल तेव्हा शेजारी खोलीचं तापमान लिहा.