मृगातील तेजोमेघ

पौष-माघाच्या थंडीत चिंचवडच्या गच्चीवरून आकाश पाहू लागले, तर प्रथम निराशाच पदरी पडते. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. रात्रपाळीचे दिवे आकाशात धूसर उजेड पसरवितात व मंद तारका त्यात बुडून जातात. मृग नक्षत्र मात्र या उजेडाला दाद देत नाही. मृगाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, तो सोडणारा व्याध, सारी मंडळी जागच्या जागी असतात. व्याध हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. त्याचा प्रकाश येथवर यावयास सुमारे साडेआठ वर्षे लागतात. आज डोळ्यांत शिरणारा त्याचा किरण निघाला तेव्हा, बालमित्रांनो, तुम्ही बोबडे बोलत होता!

बाणाच्या दक्षिणेस तीन बारीक ठिपके ओळीने दिसतील. त्यांतील मधला अस्पष्ट आहे, पाटीवरचे अक्षर ओल्या बोटाने पुसटावे तसा. तोच तेजोमेघ. त्याचे छायाचित्र आधी पाहिलेली मुले येथे हटकून कुरकुरतात, "चित्रात तर तो गुलाबी होता!" तक्रार रास्त आहे, पण चित्रही खोटे नाही. आपला डोळा क्षणाक्षणाला जुने पुसून नवे पाहतो, आणि अंधुक प्रकाशात त्याला रंग उमगत नाहीत. कॅमेरा प्रकाश साठवितो. तो तिपाईवर घट्ट बसवून त्याची झडप दहा सेकंद उघडी ठेवावी. थेंबाथेंबाने घडा भरावा तसा प्रकाश जमतो आणि त्या मेघातील हायड्रोजन वायूची तांबूस छटा उमटते. अधिक वेळ ठेवावी, तर पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. १८८० साली अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी या मेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा सुमारे पन्नास मिनिटे त्यांची दुर्बीण ताऱ्यांमागोमाग फिरत होती.

पुण्याचाही या मेघाशी जुना संबंध आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून येथील विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली वेधशाळा उभी राहिली. तेथे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी या मेघाच्या प्रकाशाचे पृथक्करण केले. १९१२ साली ती वेधशाळा बंद होऊन दुर्बीण कोडाईकनालला गेली, याची मला आजही चुटपुट लागते.

हा मेघ सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे. आपल्याला दिसणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांची सत्ता होती. त्याच्या पोटात नवे तारे जन्म घेत आहेत.

काळेभोर आकाश हवे असेल, तर चाकण ओलांडून नाशिकच्या रस्त्याने उत्तरेकडे जावे. त्याच बाजूला गिरवली येथे २००६ पासून दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. वाटेत थांबून मागे वळून पाहिले, की दक्षिण क्षितिजावर कारखान्यांचा पिवळा उजेड दिसतो, आणि त्याच्या बराच वर मृग.