रिच मिश्रण

मेकॅनिक ज्याला ‘रिच’ म्हणतात, ते मिश्रण श्रीमंत नसते. त्याला अजीर्ण झालेले असते. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हा ज्वलनाचा मेळ. पेट्रोल वाढले की काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निघून गेली. तिच्याच गोत्रातली आमच्या वडिलांची गाडी राखावी की भंगारात द्यावी, हा प्रश्न या धुराने ऐरणीवर आणला.

चोक पुरता उघडत होता, एअर फिल्टर स्वच्छ होता. मग कार्बोरेटर उघडला. पितळी फ्लोट कानाशी हलवला, तर आत पेट्रोल डुचमळले. वयोमानाने पडलेल्या सूक्ष्म चिरेतून ते शिरले होते. जड झालेला फ्लोट वर येईना, म्हणून नीडल व्हॉल्व्ह मिटेना आणि पेट्रोलची पातळी चढत राही. फ्लोट बदलला; धूर ओसरला, गाडी राहिली.

११व्या शतकात क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. ते शिकवताना आम्ही अलंकारांची उदाहरणे देत असू. आता या पितळी डबीचेही देतो. पुरवठा विपुल असून भागत नाही. तो कुठे थांबवायचा, हे कळावे लागते.