पंधरा किलोवॅट

सतवासला आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. तो आमचा नियम. पण नियम म्हणून लवकर जेवणं वेगळं आणि दिवा नाही म्हणून लवकर जेवणं वेगळं. पहिला संयम, दुसरी गरिबी. हवामान बदलावर बोलणारे मात्र दोन्ही एकाच ताटात वाढतात. ‘वीज जपून वापरा’ हे एसीवाल्याला सांगणं ठीक. ज्याच्या घरात एकच बल्ब, त्याने काय जपायचं?

आमच्या दक्षिणेला नर्मदा. तिच्यावर १००० मेगावॅटचा इंदिरासागर प्रकल्प उभा राहिला. त्यासाठी २००४मध्ये हरसूद हे भरलं गाव उठलं. आमच्या देवास जिल्ह्यातल्याही जमिनी बुडाल्या. त्याच नर्मदेच्या खोऱ्यात, खाली नंदुरबार जिल्ह्यात, बिलगाव आहे. तिथे सातपुड्यातल्या आदिवासींनी श्रमदान केलं, केरळच्या दोन इंजिनियरांनी आखणी केली, आणि २००३मध्ये धबधब्याच्या पाण्यावर वीज आली. वर छोटा बंधारा, तिथून पाइप, खाली टर्बाइन. कोळसा नाही, धूर नाही, कुणाचं घर उठवणं नाही. क्षमता १५ किलोवॅट.

बाईमाणसाच्या हिशेबाने सांगते: दोन किलोवॅटचा एक गिझर धरला, तर हे जेमतेम सात-आठ गिझर. शहरातल्या एका बिल्डिंगची सकाळची अंघोळ! तेवढ्यात तिथल्या पाड्यांवर दिवे लागले.

२००६च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि ते वीजघर बुडालं. मोठ्या विजेने छोटी वीज गिळली.

म्हणून ‘छोटं तेच सुंदर’ असंही मी म्हणणार नाही. रात्रीपुरता एक दिवा देऊन विकास झाला म्हणणं ही फसवणूकच. बाईला पिठाची गिरणी हवी, विहिरीवर पंप हवा, लेकीला अभ्यासापुरता नव्हे, पुढे जाण्यापुरता उजेड हवा. तेवढी वीज मागण्याचा हक्क गरिबाला आहे. पृथ्वी तापवली ती काही त्याच्या चुलीने नाही.

बिलगावने शिकवलं ते आकड्यापलीकडचं आहे. वीज किती, याच्याइतकाच प्रश्न आहे ती कुणाच्या हातात. ज्यांनी दगड वाहिले, त्यांना ते वीजघर आपलं वाटत होतं. धरणाच्या नकाशात मात्र ते कुठेच नव्हतं. आता टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतायत, ओंकारेश्वरच्या जलाशयावर सौर पाट्या तरंगतायत. छानच आहे. फक्त नकाशा काढताना काठावरच्या माणसाला आधी विचारा, एवढंच म्हणणं.