डायनामोच्या जागी अल्टरनेटर

नांदेडहून येणारा रस्ता जिथे एकीकडे कळमनुरी-हिंगोलीला आणि दुसरीकडे हदगाव-उमरखेडला फुटतो, त्या वारंगा फाट्याच्या परिसरातील जुना ट्रॅक्टर बापाकडून मुलाकडे येतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा डायनामोही येतो. डायनामोत वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होते आणि घासणाऱ्या कार्बनवाटे बाहेर पडते. इंजिन मंद चालू असताना ती इतकी क्षीण असते की बॅटरीतलीच वीज उलटी वाहू नये म्हणून मध्ये कटआउट, म्हणजे आपोआप तुटणारा खटका, बसवावा लागतो. डिझेल इंजिनाला पेटण्यासाठी ठिणगी लागत नसल्याने डायनामो बंद पडला तरी नांगरट अडत नसे, अडे तो फक्त सेल्फ स्टार्टर. म्हणून रात्री ट्रॅक्टर उतारावर लावायचा, सकाळी ब्रेक सोडून गिअरमध्ये टाकायचा, उतार नसेल तर धक्का द्यायला माणसे बोलवायची, हे यंत्राचे व्यंग माणसांच्या अंगवळणी पडले. लहानपणी धक्का देणारा मुलगा पुढे स्वतः सीटवर बसला, तरी त्याला ती चालवण्याचीच रीत वाटत राहिली.

अल्टरनेटरमध्ये चुंबक फिरतो आणि वीज स्थिर वेटोळ्यांत तयार होते. ती दिशा बदलणारी असल्याने डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारे घटक, तिला बॅटरीजोगी करतात. पुली लहान ठेवून तो अधिक वेगाने फिरवता येत असल्याने मंद इंजिनावरही चार्जिंग होते, आणि रात्रीच्या मळणीत दिवे पिवळे पडत नाहीत. बसवताना मात्र घाई चालत नाही. आधी बॅटरीची केबल काढावी, जुना कटआउट वगळावा आणि अल्टरनेटरच्या मुख्य टोकापासून जाड वायर बॅटरीच्या धन टोकाला न्यावी. काही जुन्या ट्रॅक्टरांत धन टोकच बॉडीला जोडलेले असते; ते तसेच राहिले तर डायोड क्षणात जळतात, म्हणून आधी ऋण टोक बॉडीला घ्यावे लागते.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो चार्जिंगचा दिवा. किल्ली फिरवताच त्याच्यातून जाणारा थोडासा प्रवाह चुंबक जागा करतो, त्यामुळे फ्यूज झालेला बल्ब बदलणे ही हौस नव्हे, जोडणीचाच भाग आहे. इंजिन चालू असताना मीटरने बॅटरीवर सुमारे 14 व्होल्ट दाखवले, म्हणजे जोडणी बरोबर आहे. पुढे कधी ट्रॅक्टरच्या हुकाला वेल्डिंग करायचे असेल, तर अल्टरनेटरच्या वायरी आधी काढून ठेवाव्यात, कारण वेल्डिंगचा झटका डायोडांना सोसत नाही.