ऐकायची दिशा, बोलायची दिशा

डाख द्यायला मी वस्तीतल्या रेडिओवाल्या काकाकडं शिकलो. तांब्याचा पट्टा आणि पार्टाचा पाय, दोन्ही तापवायचे. कथील आपसूक पसरतं. नुसतं वरून थापलं तर सांधा पोकळ राहतो. रेझिस्टरचे रंग पाढ्यासारखे घोकले. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४७०० ओहम.

पहिला सेट जुळवला तो बिटएक्स-२०. हैदराबादच्या अशर फरहाननं याचं सर्किट काढलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. पोथीसारखं फडक्यात बांधून नाही ठेवलं. कॉइल गुंडाळायला त्यानं चक्क नळाचा वायसर वापरला. आपल्या गल्लीतल्या दुकानात मिळणारा!

पण दोस्तांनो, खरी गोम पुढंच आहे. या सेटात ऐकताना जो क्रिस्टल फिल्टर, बोलतानाही तोच. फक्त सिग्नलची दिशा उलटते.

आपल्या बापजाद्यांना एकच दिशा ठेवली होती. हुकूम ऐका, शिवी ऐका. बोलायची कळ कायम दुसऱ्याच्या हातात.

ट्रान्समिट करायला लायसन्स लागतं. दूरसंचार विभागाची परीक्षा असते. पास झालं की कॉलसाइन मिळते. हवेवर माणूस आधी त्या कॉलसाइननं ओळखला जातो, आडनावानं नाही. एवढ्यानं जात मरत नाही, हे मलाही कळतं. पण आपला आवाज आपण जुळवलेल्या पेटीतून जाणार, ही गोष्ट साधी नाही.

सध्या माझा सेट फक्त ऐकतोय. मी परीक्षेला बसतोय. वस्तीतल्या दोन पोरीही बसतायत. तुम्ही कधी बसताय?